अरेका पाम म्हणजे आपली पोफळ काय? नावाचा घोळ आणि खानापूर भागातली लागवड

जांभामाती (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या नर्सऱ्यांत कुंडीतल्या एका झाडावर ‘अरेका पाम’ अशी पाटी लावलेली असते. मोबाईलवर ‘अरेका’ शोधलं की मात्र सुपारीचं झाड समोर येतं. तीन शंका आहेत.

एक, ही दोन्ही झाडं एकच काय? कुंडीतलीच रोपं आणून रानात लावली तर सुपारी धरेल काय?

दोन, ‘अरेका’ हा शब्द मूळचा कुठला? आपल्याकडची कन्नड माणसं अडिकी म्हणतात, त्याच्याशी नातं आहे असं ऐकलं. मग मराठीत झाडाला पोफळ नि फळाला सुपारी, ही दोन वेगळी नावं कशी?

तीन, जांबोटीच्या बाजूला २० गुंठे तांबडी जांभ्याची जमीन आहे, थोडी उताराची. बोअरला दीड इंच पाणी. पोफळ लावायची तर अंतर, खड्डा, खत, पाणी नीट आकड्यांत सांगा की.

हिरवी_कुंडी

पहिल्या शंकेचं उत्तर आधी, नाहीतर पैसे वाया जातील. एकच नाहीत. कुंडीतलं झाड मादागास्कर बेटावरचं आहे. त्याचं शास्त्रीय नाव क्रिसॅलिडोकार्पस लुटेसेन्स. १९९५ साली त्याला डिप्सिस या गटात टाकलं आणि २०२२ मध्ये परत जुन्या गटात आणलं, म्हणून पुस्तकांत दोन्ही नावं दिसतात. जुन्या काळी बागवाले ते ‘अरेका लुटेसेन्स’ म्हणून विकायचे. शास्त्रज्ञांनी नाव कधीच बदललं, पाटी तशीच राहिली. त्याला सुपारी लागत नाही, कितीही वर्षं सांभाळा.

ओळखायचं कसं? बुंध्याशी वाकून बघा. एका जागेवरून बांबूच्या बेटासारखे पाच-दहा बारीक दांडे उठले असतील आणि देठ पिवळसर असतील तर ते कुंडीतलं झाड. पोफळीचं रोप एकदांडी असतं, बाजूला फुटवा नाही. शिवाय पोफळीच्या लहान रोपाची पहिली पानं माशाच्या शेपटीसारखी दोन फाळ्यांची असतात, झालरीसारखी चिरलेली पानं नंतर येतात. कुंडीतलं झाड बैठकीच्या खोलीत छान दिसतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते रानात लावून वाट बघत बसू नका.

शब्दांची_पुरचुंडी

नावाबद्दल सांगते. विड्याच्या तबकात पान, सुपारी, कात आणि चुना शेजारी शेजारी असतात, आणि युरोपातून आलेल्या लोकांनी या शेजाऱ्यांची नावं एकमेकांना देऊन टाकली. सगळा घोळ तिथला आहे.

‘अरेका’ हा शब्द द्राविडी भाषांतला. मलयाळममध्ये सुपारीला अडय्क्का म्हणतात, तमिळमध्ये अडैक्काय, कन्नडमध्ये अडके किंवा अडिके. शेवटचा ‘काय’ म्हणजे कच्चं फळ, ‘तेंगिनकायि’ म्हणजे नारळ, त्यातला. सीमाभागात हे वेगळं समजावायला नको. कन्नडमध्ये तो ‘काय’ झिजून नुसता ‘के’ उरला आणि आपल्या बाजूच्या बोलीत ‘की’. सुरुवातीच्या ‘अडै’चा अर्थ दाटीने लगडलेलं असा लावतात, आणि घड बघितला तर ते पटतं. तमिळमध्ये अडै म्हणजे विड्याचं पान असाही अर्थ आहे, म्हणजे ‘पानाबरोबरचं फळ’ अशीही फोड होते. मला दुसरी जास्त आवडते, कारण पानाशिवाय सुपारीला कोण विचारतो?

या शब्दातला मधला ‘ड’ पोर्तुगीजांच्या जिभेला झेपला नाही. ‘घोडा’ म्हणताना आपल्या ‘ड’चा जो जरा ‘र’कडे झुकणारा उच्चार होतो, तो ऐकून त्यांनी सरळ ‘र’ लिहिला. अडेक्का, अरेक्का, अरेका. १५१० साली छापलेल्या वार्थेमा या इटालियन प्रवाशाच्या वर्णनात एक गमतीचं वाक्य आहे: पानाबरोबर जे फळ खातात ते ‘कॉफोलो’, आणि त्याचं झाड ‘अरेका’. हे कॉफोलो म्हणजे अरबी ‘फौफल’. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ताच्या १५६३ च्या ग्रंथातही ही दोन्ही नावं आहेत. मलबारातले नायर त्याला अरेका म्हणतात, असं तो लिहितो.

तुमच्या पोफळीचा धागा या फौफलमध्ये आहे. संस्कृतात झाड ‘पूग’ आणि फळ ‘पूगफल’. पूजेत भटजी ‘पूगीफलं’ म्हणतात तेच. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात एक सूत्र आहे: काही शब्दांत पहिला स्वर आणि पुढचं अक्षर मिळून ‘ओ’ होतो. बदर याचं बोर, पूगफल याचं पोप्फल. म्हणजे खायचं बोर आणि दारची पोफळ एकाच सूत्रातून मराठीत उतरली. हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर फारसीत ‘पोपल’ आणि अरबीत ‘फौफल’ झाला. मराठीत मूळचा फळाचा शब्द झाडाला चिकटला आणि फळाला सुपारी राहिली.

लॅटिनमध्येही तसंच. मलयाळममध्ये झाडाला कवुंग म्हणतात आणि फळाला अडय्क्का. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा डच ग्रंथ १६७८ पासून छापला जाऊ लागला. त्याच्या पहिल्याच खंडात झाड ‘कौंगा’ म्हणून आहे. पण लिनियसने १७५३ मध्ये नाव पक्कं केलं तेव्हा झाडाचं नाव बाजूला पडलं आणि फळाचं घेतलं. पुढे नारळ, ताड, खजूर, भेरली माड अशा सगळ्या कुळालाच ‘अरेकेसी’ हे नाव मिळालं.

लिनियसचं पूर्ण नाव ‘अरेका कॅटेचू’. कॅटेचू म्हणजे कात! काताचं झाड खैर. पण सुपारी उकळून काढलेल्या गडद अर्कालाही त्या काळी व्यापारात कात म्हणायचे आणि युरोपात हा कात नेमका कुठल्या झाडाचा यावर गोंधळ होता. नंतर खैराच्या शास्त्रीय नावातही कॅटेचू आलं, म्हणजे आज दोन झाडं एकच आडनाव लावतात. इंग्रजीत सुपारीला ‘बीटल नट’ म्हणतात, तिथे तर पानाचंच नाव फळाला दिलं. बीटल हा मलयाळम ‘वेट्टिल’ म्हणजे विड्याचं पान, पोर्तुगीजांच्या ‘बेटेल’मधून आलेला. इंग्रजीतल्या ‘बीटल’ नावाच्या किड्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि नागवेलीचा पोफळीशी संबंध इतकाच की ती तिच्या अंगावर चढते.

पूर्वेकडची नावं निराळीच. संस्कृतात ‘गुवाक’ असाही शब्द आहे, आसामीत गुवा. गुवाहाटी म्हणजे गुव्यांचा हाट, अशी त्या शहराच्या नावाची फोड सांगतात. मलय भाषेत पिनांग, त्यावरून पेनांग बेट.

तबकवाला

पुरचुंडीताई, एक राहिलं. अडकित्ता! कन्नड अडकत्तरी, म्हणजे अडके अधिक कत्तरी, सुपारीची कात्री. बोलीत अडकोत्तु. पुण्या-मुंबईच्या घरात सुपारी म्हणतात पण कातरायला घेतात तो अडकित्ता. ‘अरेका’ आणि ‘अडकित्ता’ ही सख्खी भावंडं, एक लॅटिनात गेलं आणि एक आपल्या पानाच्या डब्यात बसलं.

शब्दांची_पुरचुंडी

अगदी. हातात होतं आणि लिहायचं राहिलं. आणि अरेकोलिन, सुपारीतलं झिंग आणणारं द्रव्य, हेही त्याच घरातलं. जाता जाता: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवलं आहे. व्युत्पत्ती चघळा, सुपारीचं खांड नको.

आगरातला_पाट

आता लागवडीचं. जरा लांबेल.

जमीन आणि हवा: खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची तांबडी जांभ्याची माती पोफळीला मानवते, निचरा चांगला असेल तर. उताराची आहे हे चांगलंच. हवा १४ ते ३६ अंशांच्या आत असावी. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर फळ नीट भरत नाही, आपण त्याच्या खाली आहोत. तुमच्याकडे पावसाची कमी नाही. त्रास दोनच: फेब्रुवारीपासूनचा कोरडा वारा आणि पावसाळा संपल्यावरचं तिरपं ऊन. दोन्हींवर उपाय खाली.

आधी पाणी मोजा, मग रोपं मोजा. ‘दीड इंच’ हे पावसाळ्यानंतरचं असलं तर त्याला अर्थ नाही. एप्रिलअखेर २०० लिटरचं पिंप घ्या, मोटर अर्धा तास चालू दिल्यावर पिंप किती वेळात भरतं ते बघा. ठिबकवर मोठ्या झाडाला रोज १६ ते २० लिटर लागतात. २५० झाडांना दिवसाला ४,००० ते ५,००० लिटर. पिंप तीन मिनिटांत भरत असेल तर ताशी ४,००० लिटर, म्हणजे सव्वा तासात काम होतं. दहा मिनिटं लागत असतील तर चार तास मोटर चालवावी लागेल, आणि तेवढा वेळ थ्री फेज वीज सलग मिळेलच असं नाही, तेव्हा साठवण टाकी धरूनच हिशेब करा. पाटाने द्यायचं तर एका पाळीला झाडामागे १७५ लिटर: नोव्हेंबर-डिसेंबरात आठवड्याने, जानेवारी-फेब्रुवारीत सहा दिवसांनी, मार्च ते मे तीन ते पाच दिवसांनी. २५० झाडांच्या एका पाळीला जवळपास ४४,००० लिटर होतात. दीड इंचाच्या बोअरवर पाट विसरा.

अंतर: २.७ मीटर बाय २.७ मीटर, म्हणजे ९ फूट बाय ९ फूट. कागदावर २० गुंठ्यांत २७७ झाडं बसतात. वाट, चर, बांध सोडून २४० ते २५० धरा.

ओळींची दिशा लोक बघत नाहीत आणि इथेच बाग बिघडते. उत्तर-दक्षिण ओळ सरळ न धरता ३५ अंश पश्चिमेकडे झुकवायची. ऑक्टोबर ते जानेवारी दुपारनंतरचं ऊन नैऋत्येकडून थेट खोडावर पडतं. ओळ झुकवली की एका झाडाची सावली दुसऱ्याच्या खोडावर येते. तसं न केल्यास खोडावर आधी सोनेरी पिवळे डाग पडतात, मग ते तपकिरी होऊन चिरतात. झाड लगेच मरत नाही. चार-पाच वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात त्याच चिरेवर मोडतं आणि दोष वाऱ्याला दिला जातो. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बांधावर भराभर वाढणारी उंच झाडं लावा. मधल्या जागेत पहिली तीन-चार वर्षं केळी ठेवा. सावलीही होते, पैसेही येतात. तरी उघडं पडलेलं खोड असेल तर गळून पडलेल्या विऱ्या (पानाच्या बुडाची रुंद आवरणं) त्याच्याभोवती बांधा किंवा चुना फासा.

खड्डा: निचऱ्याच्या जमिनीत ९० सेंमी लांब, रुंद आणि खोल. खाली कातळ लवकर लागत असेल तर ६० सेंमीवर थांबा. वरची माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळून खड्डा तळापासून ५०-६० सेंमी भरा, त्यात रोप बसवा, मानेपर्यंत माती घाला आणि पायाने दाबा. वरचा रिकामा भाग पुढच्या दोन-तीन वर्षांत पालापाचोळ्याने आणि शेणखताने हळूहळू भरत जायचा. पहिल्याच दिवशी खड्डा काठोकाठ भरला तर पुढे मुळं वर उघडी पडतात. लागवड मे-जूनमध्ये करा. पाणी साचणारी चिकट जमीन असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात.

चर: दोन ओळींमध्ये एक, खड्ड्याच्या तळापेक्षा १५ सेंमी तरी खोल. कणकुंबीच्या पावसात हे चर गाळाने भरतात, दरवर्षी मे महिन्यात उपसायचे.

खत: तिसऱ्या वर्षापासून झाडामागे वर्षाला नत्र १०० ग्रॅम, स्फुरद ४० ग्रॅम, पालाश १४० ग्रॅम. बाजारातल्या पोत्यांच्या भाषेत युरिया सुमारे २२० ग्रॅम, २० टक्क्यांचं रॉक फॉस्फेट २०० ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश २३५ ग्रॅम. पहिल्या वर्षी याचा एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश. दोन हप्ते, मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. शिवाय १२ किलो शेणखत आणि १२ किलो हिरवा पाला. बुंध्याभोवती पाऊण ते एक मीटर त्रिज्येचं आळं १५-२० सेंमी खोल काढून त्यात द्यायचं, बुंध्याला चिकटवून नाही. पालाश बघा किती आहे, नत्रापेक्षा जास्त! लोक युरियावर भागवतात, झाड हिरवंगार दिसतं आणि फळं तडकतात. मग औषधं फवारतात. फळ तडकणं हा बहुतेक वेळा पालाशाच्या कमतरतेचा आणि कधी पाणी कधी दुष्काळ अशा पाळ्यांचा परिणाम असतो.

जांभामाती

पाण्याची गोष्ट खरी आहे, मी आकडा ऑक्टोबरचा दिला होता. रोपं कुठली घेऊ? मंगला चांगली म्हणतात.

गुंठाभर

अहो ९ फूट कशाला, ६ फुटांवर लावा. झाड सरळसोट तर वाढतं. २० गुंठ्यांत दुप्पट बसतील.

आगरातला_पाट

गुंठाभर, बसतील, पण पिकणार नाहीत. पोफळीची मुळं बुंध्यापासून मीटरभराच्या आत आणि वरच्या थरात दाट असतात. ६ फुटांवर दोन झाडांची आळी एकमेकांत जातात, खत तेवढंच आणि खाणारे दोन. झाडं उजेडासाठी चढाओढ करत उंच आणि बारीक होतात, वाऱ्यात वाकतात. त्याहून वाईट म्हणजे आत हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात फळं कुजवणाऱ्या कोळेरोगाला तेच हवं असतं. शिवाय मधे केळी नाही, खोडावर मिरीचा वेलही नीट येत नाही.

जांभामाती, जातींबद्दल. मंगला ही चीनमधून आणलेल्या बियाण्यातून निवडलेली, १९७२ ची. लवकर धरते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी. आपल्या गावठी झाडाला पाच-सहा वर्षं लागतात. मोहितनगर पश्चिम बंगालची, झाडं एकसारखी येतात. श्रीवर्धनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची, पांढरी खांड हवी असेल तर. शिरशीकडची स्थानिक निवडही आहे. माझं मत असं की आपल्या घाटमाथ्यावर शिरशीच्या बाजूचं किंवा मोहितनगर घ्यावं. शिरशीच्या रोपांना तर इथला पाऊस आणि माती ओळखीची आहे.

पण जातीपेक्षा आई महत्त्वाची. पोफळीत परपरागीकरण होतं. एकाच घडातली नर फुलं आधी उमलून गळतात आणि मादी फुलं नंतर तयार होतात, म्हणून परागकण शेजारच्या झाडाचेच येतात. मिसळ बागेतल्या ‘मंगला’ची बी मंगला राहीलच असं नाही. स्वतः रोपं करायची असतील तर दहा वर्षांवरचं, लवकर धरलेलं, दरवर्षी भरपूर घड देणारं झाड निवडा. पूर्ण पिकलेली, ३५ ग्रॅमच्या वर वजनाची फळं घ्या आणि बादलीत पाण्यात टाका. जी फळं देठाची बाजू वर ठेवून उभी तरंगतात ती बियाण्याची. आडवी पडणारी बाजूला काढा.

बी वाळवायची नाही, काढल्या काढल्या लावायची. वाळूच्या वाफ्यात, ५ सेंमी अंतरावर, देठ वर करून, वरून जेमतेम झाकेल इतकी वाळू. रोज पाणी. दीड महिन्याच्या सुमारास कोंब दिसू लागतात, तीन महिन्यांत उगवण संपते. त्यानंतर उगवलेलं फेकून द्या, ते मागेच राहतं. दोन-तीन पानांवर २५ बाय १५ सेंमीच्या पिशवीत हलवा. पिशवीला भोकं पाडायला विसरू नका. अर्धी सावली हवी. १२ ते १८ महिन्यांचं, किमान पाच पानांचं, बुटकं आणि बुंध्याशी जाड रोप रानात लावायचं. नर्सरीत लोक उंच रोप मागतात, पण उंच म्हणजे बहुतेक वेळा सावलीत ताणलेलं.

मोरचूद_चुना

कोळेरोगाचा उल्लेख आलाच आहे तर पूर्ण सांगतो. कन्नड ‘कोळे’ म्हणजे कुजणं, कोळ्याशी किंवा जाळ्याशी संबंध नाही. म्हैसूर संस्थानाच्या कृषी खात्यातल्या लेस्ली कोलमन यांनी १९१० साली या रोगावर सविस्तर लिहिलं आणि ‘कोलेरोगा’ हा शब्द तसाच इंग्रजी पुस्तकांत गेला. कॉफीवरच्या अशाच रोगाच्या बुरशीच्या गटाला तर शास्त्रीय नावच ‘कोलेरोगा’ आहे. म्हणजे अडकेसारखाच कोळेही परदेशी गेला.

पाऊस लागल्यावर १५ दिवस ते महिन्याभरात दिसतो. हिरव्या फळावर टोपीजवळ पाणी लागल्यासारखा गडद डाग पडतो, फळाची चकाकी जाते, मग फळ गळतं आणि टोपी घडालाच राहते. खाली पडलेल्या फळावर दोन दिवसांत पांढरी बुरशी येते. टोपीसकट गळलेलं, डाग नसलेलं फळ असेल तर ते पाण्याचं किंवा खताचं कारण, कोळे नव्हे. हा फरक न बघता फवारलं तर मजुरीही गेली आणि औषधही.

उपाय एक टक्का बोर्डो मिश्रण. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटर पाण्यात, फडक्यात बांधून लोंबकळत ठेवला की लवकर विरघळतो. चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडून तो फोडा, मग गाळून ५० लिटर करा. नंतर मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने ओता आणि ढवळत राहा. उलटं करू नका, कण जाड होऊन तळाशी बसतात आणि नोझल तुंबतो. प्लास्टिकचं किंवा तांब्याचं भांडं घ्या, लोखंडाचं किंवा जस्ताचं नको.

परीक्षा: घासलेला लोखंडी कोयता मिनिटभर मिश्रणात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं राहिलं आहे. असं मिश्रण कोवळ्या फळाला आणि पानाला भाजतं. चुन्याची निवळी घालत जा आणि पातं स्वच्छ निघेपर्यंत परत परत बघा. जुना, हवेत भुगा झालेला चुना वापरला की हे हमखास होतं. वजन बरोबर, पण चुन्यात दमच नाही. मिश्रणात चिकटण्यासाठी राळेचा साबण घाला. केलेलं त्याच दिवशी संपवा, उरलेलं उद्यासाठी ठेवू नका.

पहिली फवारणी मेअखेर, पाऊस लागण्याआधी. दुसरी ४०-४५ दिवसांनी, उघडीप बघून. पाऊस लांबला तर तिसरी. घड सगळ्या बाजूंनी भिजला पाहिजे. जांबोटीच्या पावसात जुलैत उघडीप मिळत नाही म्हणून पहिली चुकवणं परवडत नाही. मलनाडात, म्हणजे कर्नाटकाच्या घाटाकडच्या भागात, घडाला ‘कोट्टे’ बांधायची जुनी पद्धत आहे: विरीची किंवा गवताची टोपी करून घडावर चढवायची, म्हणजे पावसाचं पाणी फळावर येत नाही. आता प्लास्टिकची पिशवी बांधतात, खालचं तोंड उघडं ठेवून. मजूर जास्त लागतो, पण २५० झाडांच्या बागेत विचार करण्यासारखं आहे. गळलेली फळं रोज वेचून जाळा, खड्ड्यात टाकून ठेवली तर रोग तिथेच टिकतो.

अथणीकर

आमच्याकडे काळी माती, कालव्याचं पाणी आहे. ऊस सोडून पोफळ जमेल काय?

आगरातला_पाट

नको. चिकट काळी आणि चुनखडीची जमीन पोफळीला चालत नाही. पाणी भरपूर असलं तरी मुळं गुदमरतात आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळली की तुटतात. वर अथणीचा मे महिना. हौसेची दोन झाडं न्हाणीच्या पाण्यावर ठेवा, बाग नको.

जांभामाती

एक शेवटचं. कणकुंबीच्या रानात पोफळीसारखंच एक उंच झाड असतं, घोड्याच्या शेपटीसारखे लांब लोंबते घड. त्यालाही जंगली सुपारी म्हणतात. ते काय?

हिरवी_कुंडी

तो भेरली माड, कन्नडमध्ये बैनी. पान बघा: पोफळीचं पान पिसासारखं एकदा चिरलेलं असतं, भेरली माडाचं दोनदा, आणि प्रत्येक तुकडा माशाच्या शेपटीसारखा तिरका. शास्त्रीय नाव कॅरिओटा युरेन्स. युरेन्स म्हणजे लॅटिनमध्ये भाजणारा, आग करणारा. फळाच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, हाताला लागले तर तासभर खाज उठते. सुपारी समजून सोलायला जाऊ नका. याचा पहिला तुरा शेंड्याशी येतो, मग एकेक खाली खाली, आणि सगळ्यात खालचा पिकला की झाड मरतं. पोफळीचा घड मात्र नेहमी गळलेल्या पानाच्या विरीखाली, हिरव्या गुळगुळीत मानेच्या बुडाशी येतो. लांबून ओळखायला तेवढंच पुरेसं आहे.

मोरचूद_चुना

आणि जांभामाती, पिंप भरायची वेळ एप्रिलअखेर परत मोजून इथे टाका. २०० लिटरला पाच मिनिटांच्या वर लागत असेल तर २५० ऐवजी १२० झाडांपासून सुरू करा. उरलेल्या १० गुंठ्यांचे चर आणि बांधावरची सावली या वर्षी करून घ्या.